घर स्वतः सजवताना या चुका टाळा: आधी टेप, मग बाजार

जळगावच्या आमच्या घराचा हॉल 14 बाय 11 फुटांचा. घर नवं झालं तेव्हा मी एका रविवारी दुकानात गेले आणि एल आकाराचा सोफा ठरवून आले. दुकानाच्या त्या प्रशस्त जागेत तो आटोपशीर दिसत होता. घरी आला तेव्हा दारातून आत घ्यायला त्याचे पाय काढावे लागले, आणि जागेवर बसवल्यावर गॅलरीचं दार निम्मंच उघडू लागलं. वास्तुशांतीला धुळ्याहून आलेली मोठी माय उंबऱ्यातच थांबली आणि म्हणाली, "हाई घर शे का दुकान?"

तिचे शब्द लागले, कारण ते खरे होते. एकेक वस्तू चांगली होती, पण एकीचा दुसरीशी मेळ नव्हता. त्यानंतर भुसावळला भावाचा फ्लॅट आणि चाळीसगावला बहिणीचं रो-हाउस लावायला मी मदत केली. तिथेही चुका त्याच निघाल्या. डिझायनरने लावलेलं घर वेगळं दिसतं ते महाग सामानामुळे, असं आपण धरून चालतो. पण चांगला डिझायनर पहिल्या दिवशी काहीच विकत घेत नाही. तो मापं घेतो आणि काय आधी, काय नंतर हे ठरवतो. एवढं आपल्यालाही जमतं.

मापं न घेता खरेदी

खोलीची लांबी-रुंदी बहुतेक जण मोजतात. दार कुठवर उघडतं, खिडकीची चौकट जमिनीपासून किती वर आहे, स्विचबोर्ड नेमका कुठे आहे, हे राहून जातं. मग कपाटामागे बोर्ड दडतो आणि घरभर एक्स्टेन्शनच्या वायरी लोळतात.

मी आता खरेदीआधी सामान जमिनीवर रांगोळीने आखते. दुकानातून सोफ्याचं, टीपॉयचं, टीव्ही युनिटचं माप लिहून आणायचं आणि फरशीवर तेवढ्या मापाच्या चौकटी काढायच्या. दोन दिवस तशाच ठेवायच्या. घरातली माणसं नेहमीसारखी वावरतात, स्वयंपाकघरातून पाण्याचा तांब्या घेऊन येतात, मुलं पळतात. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बघा, रांगोळी कुठे पुसली गेली ते. तिथे तुमच्या घराची पायवाट आहे आणि तिथे सोफा येता कामा नये. चाळीसगावला बहिणीच्या घरी टीव्ही युनिटचा एक कोपरा असाच पूर्ण पुसला गेला होता. तिने युनिट सहा फुटांऐवजी साडेचार फुटांचं करून घेतलं.

काही आकडे लक्षात ठेवा. ये-जा करायची वाट 30 ते 36 इंच मोकळी हवी. सोफा आणि टीपॉय यांच्यात 14 ते 18 इंच ठेवा, म्हणजे गुडघा लागत नाही आणि चहाचा कपही हाताशी राहतो. गालिचा घ्यायचा तर सोफ्याचे निदान पुढचे पाय त्यावर येतील एवढा घ्या. टीपॉयखाली पोस्टाच्या तिकिटासारखा चिकटलेला गालिचा हॉल आणखी लहान दाखवतो. तेवढा मोठा परवडत नसेल तर फरशी मोकळी ठेवा, ती स्वच्छ आणि थंड वाटते.

फोटो दुसरीकडचे, ऊन आपलं

मोबाइलवर दिसणारी सुंदर घरं बहुतेक आपल्या हवेतली नसतात. जळगाव-भुसावळला मे महिन्यात पारा 45 च्या आसपास जातो, आणि सजावटीच्या आखणीत कूलरचा विचारच नसतो. मग एप्रिल उजाडला की कूलर आणायचा, भारी पडदा गुंडाळून वर बांधायचा आणि खिडकीखालचा साइड टेबल गच्चीवर टाकायचा. चार महिने सजावट मोडलेली.

कूलरची जागा पहिल्याच दिवशी ठरवा. त्याला मागून बाहेरची हवा मिळायला हवी आणि समोरून हवा निघून जायला दुसरी खिडकी किंवा दार उघडं हवं, नाहीतर खोलीत नुसता दमटपणा साचतो. त्या खिडकीला लांब पडदा नको, गुंडाळता येणारी चटई लावा. पाण्याचा पाइप आणि प्लग पॉइंट भिंत फोडतानाच करून घ्या.

पश्चिमेच्या खिडकीबाबतही एक चूक नेहमी होते. ऊन अडवायला आतून जाड मखमली पडदा लावला जातो. पण काचेतून आत आलेलं ऊन पडद्याला तापवतं आणि तो पडदाच खोलीला तापवत बसतो. ऊन काचेच्या बाहेर अडवायला हवं. बांबूची चिक किंवा वाळ्याची ताटी बाहेरून लावा. आमच्या गावच्या धाब्याच्या, म्हणजे मातीच्या सपाट छताच्या घरात जाड मातीच्या भिंती आणि लहान खिडक्या होत्या, म्हणून दुपारी तिथे झोप लागायची. स्लॅबच्या घरात ते सुख आपल्याला योजून आणावं लागतं. वरचा मजला असेल तर पडद्यांच्या आधी गच्चीवर पांढरा चुना किंवा उष्णता परतवणारा रंग मारून घ्या.

पीओपीबद्दल माझं मत ठाम आहे. साडेनऊ फुटांच्या छताला पूर्ण फॉल्स सीलिंग करू नका. छत सहा इंच खाली येतं, मग पंख्याचा रॉड छोटा करतात, आणि पातं छताला इतकं जवळ जातं की हवा खाली येतच नाही. पाती आणि छत यांत 8 ते 10 इंच तरी अंतर हवं. हौसच असेल तर फक्त भिंतीकडेने पट्टा करा, मधला भाग मोकळा सोडा. नक्षीच्या खोबणी तर नकोच. उन्हाळी वाऱ्याने आलेली धूळ त्यात जाऊन बसते आणि ती दर आठवड्याला पुसणार कोण?

रंग आधी, कापड नंतर: उलटा क्रम

पेंटर शेडकार्ड समोर धरतो आणि आपण घाईत बोट ठेवतो. नंतर त्या रंगाला जुळणारं सोफ्याचं कापड बाजारभर मिळत नाही. रंगाच्या शेड हजारो असतात, मनाजोगी कापडं मोजकी. म्हणून कापड आधी घ्या आणि त्याचा तुकडा घेऊन रंग निवडा.

निवडलेला रंगही कार्डावर बघून पक्का करू नका. सर्वांत छोटा डबा आणून दोन वेगवेगळ्या भिंतींवर दोन बाय दोन फुटांचे चौकोन मारा. सकाळी बघा, दुपारी चारला बघा, रात्री दिवा लावून बघा. भावाच्या फ्लॅटमध्ये राखाडी म्हणून निवडलेली शेड रात्री निळसर दिसत होती. दोष रंगाचा नव्हता, वर लावलेल्या पांढऱ्याफेक ट्यूबलाइटचा होता.

खोली अजून फिकी वाटतेय?

मग आधी दिवे बघा. छताच्या मधोमध एकच झगझगीत दिवा असेल तर कितीही खर्च करा, खोली सपाट दिसते. बल्बच्या खोक्यावर केल्विनचा आकडा असतो. 6500 म्हणजे थंड पांढरा, 3000 च्या आसपास उबदार पिवळसर. हॉलमध्ये आणि झोपायच्या खोलीत 3000 चे दिवे लावा, आणि एकाऐवजी तीन ठिकाणी: एक वर, एक कोपऱ्यात उभा, एक भिंतीवर. एका खोलीत दोन रंगांचे दिवे मिसळू नका. ओट्यावर आणि मुलांच्या अभ्यासाच्या टेबलावर मात्र पांढरा उजेडच बरा.

दिव्यांनीही फरक पडला नाही तर फ्रेम तपासा. त्या बहुतेक घरांत फार वर टांगलेल्या असतात. फ्रेमचा मध्य जमिनीपासून 57 ते 60 इंचांवर यावा, सोफ्यावर असेल तर पाठीच्या वर 6 ते 8 इंच. पडद्याचा रॉड खिडकीपेक्षा सहा इंच वर आणि दोन्ही बाजूंना तेवढाच बाहेर न्या, खिडकी लगेच मोठी वाटते.

शोकेस भरून टाकणं

लग्नातल्या भेटी, ट्रॉफ्या, काचेची हरणं, सगळं एकाच शोकेसमध्ये दाटीने. तीस लहान वस्तूंपेक्षा एक मोठी वस्तू नजर थांबवते. माळ्यावरून आजीचं तांब्याचं घंगाळ काढा, चिंचेने लख्ख घासा आणि दाराजवळ एकटं ठेवा. त्याच्याशेजारी दुसरं काही नको. बाजारात ती झळाळी विकत मिळत नाही, आणि आलेला पाहुणा त्याच्याबद्दलच विचारतो.

एक कोपरा रिकामा सोडायलाही मन तयार होत नाही, पण आपल्याकडे तो लागतो. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी आमची खान्देशी देवी कानबाई बसते, भाऊबंद गोळा होतात, आणि भिंतीत ठोकलेलं फर्निचर तेव्हा हलत नाही. मी तो एल सोफा शेवटी सुताराकडून कापून दोन भागांत करून घेतला. छोटा भाग आतल्या खोलीत गेला, गॅलरीचं दार पूर्ण उघडू लागलं आणि ईशान्येचा कोपरा मोकळा झाला. मागच्या श्रावणात तिथे चौरंग मांडला, केळीचे खांब बांधले, आणि मोठी माय थेट आत येऊन फरशीवर मांडी घालून बसली.