सर्व्हर बसवण्याआधी खात्यांचा आराखडा कसा करावा

बुटीबोरीतील एका कारखान्यात मे महिन्यातील एका सोमवारी सकाळी हिशेबाची प्रणाली सुरूच झाली नाही. शोध घेतल्यावर असे आढळले की, ज्याने ती बसवली त्याने डेटाबेसची सर्व्हिस (पडद्यामागे सतत चालणारा प्रोग्राम) स्वतःच्याच ॲडमिन खात्यावर चालवली होती. तो नोकरी सोडून गेल्यावर शुक्रवारी ते खाते रीतसर बंद करण्यात आले. चालू असलेली सर्व्हिस पासवर्ड पुन्हा विचारत नसल्याने शनिवारी काहीच बिघडले नाही. रविवारी रात्री वादळात वीज गेली, सर्व्हर नव्याने सुरू झाला आणि सर्व्हिसला बंद खात्याने लॉगिन करता आले नाही. ही चूक बसवण्याच्या दिवशी झाली होती, म्हणून खात्यांचा विचार सेटअप चालवण्याआधी करावा.

प्रथम एक तक्ता तयार करावा. त्यात प्रत्येक सर्व्हिसपुढे तिचे खाते, तिला लागणारे फोल्डर आणि डेटाबेस, ते खाते कोणत्या मशीनवर चालेल आणि त्याची जबाबदारी कोणाकडे आहे, एवढे लिहावे. एका खात्यावर दोन सर्व्हिस ठेवण्याचा मोह टाळावा, कारण एकीचा पासवर्ड फुटला की दुसरीही गेली आणि लॉग, म्हणजे घडामोडींची नोंद, पाहून नेमके काय घडले हे सांगता येत नाही. सर्व्हर सांभाळणाऱ्या माणसाला मात्र दोन खाती द्यावीत: ईमेल व रोजच्या कामासाठी साधे, आणि सर्व्हरच्या कामापुरते ॲडमिन. डोमेन ॲडमिनचे, म्हणजे एकत्र जोडलेल्या सर्व संगणकांवर (डोमेनवर) पूर्ण अधिकार असलेले, खाते कार्यालयातील साध्या संगणकावर कधीही वापरू नये. लॉगिनच्या खुणा त्या संगणकाच्या मेमरीत राहतात आणि तेथे शिरलेला घुसखोर त्या उचलू शकतो.

सॉफ्टवेअर बसवणाऱ्या एजन्सीकडून बहुतेक वेळा डोमेन ॲडमिनचे अधिकार मागितले जातात, ‘त्याशिवाय चालणार नाही’ असे सांगितले जाते. इतवारीतल्या लहान पेढीपासून मिहानमधल्या मोठ्या कंपनीपर्यंत हे वाक्य मी इतक्यांदा ऐकले आहे की, आता मी एकच आग्रह धरतो: कोणत्या फोल्डरवर कोणता अधिकार लागतो हे लेखी द्यावे. लेखी यादी आली की मागणी बहुधा निम्म्यावर येते. बसवण्यापुरते वेगळे खाते द्यावे, काम संपताच त्याचे वाढीव अधिकार काढून घ्यावेत आणि एजन्सीचे खाते एरवी बंदच ठेवावे.

विंडोज डोमेनमध्ये सर्व्हिस खात्याच्या पासवर्डकडे विशेष लक्ष द्यावे लागते. ज्या खात्याला सर्व्हिसचे नाव, म्हणजे एसपीएन, जोडलेले असते, त्याचे कर्बेरोस तिकीट (ओळख पटवण्याचा परवाना) डोमेनमधील कोणीही साधा वापरकर्ता मागू शकतो. तिकिटाचा एक भाग त्या खात्याच्या पासवर्डपासून बनलेल्या किल्लीने बंद केलेला असल्याने, घुसखोर तो घरी नेऊन सावकाश फोडत बसतो आणि आपल्या सर्व्हरला त्याचा पत्ताही लागत नाही. माणसाने लक्षात ठेवण्याजोगा पासवर्ड येथे टिकत नाही. विंडोज सर्व्हर 2012 पासून उपलब्ध असलेले ग्रुप मॅनेज्ड सर्व्हिस अकाउंट हा यावरचा उत्तम उपाय आहे: 240 बाइट्सचा यादृच्छिक पासवर्ड डोमेनच तयार करते आणि सर्वसाधारणपणे दर 30 दिवसांनी तो बदलते, शिवाय तो कोणत्या मशीनला मिळावा हे आपण ठरवतो. मात्र हे पासवर्ड जिच्यापासून बनतात ती मूळ किल्ली तयार केल्यावर ती वापरात येण्यास 10 तास थांबावे लागते, म्हणून हे काम आदल्या दिवशीच उरकावे. सॉफ्टवेअरला असे खाते चालत नसेल, तर किमान 25 अक्षरांचा यादृच्छिक पासवर्ड ठेवावा आणि त्या खात्याला मशीनवर बसून तसेच रिमोट डेस्कटॉपवरून लॉगिन नाकारावे.

लिनक्सवर प्रत्येक सर्व्हिससाठी लॉगिन शेल (आज्ञा टाइप करण्याची सोय) नसलेले सिस्टिम खाते तयार करून सर्व्हिस सुरू करणाऱ्या सिस्टिमडीच्या फाइलमध्ये त्याचेच नाव द्यावे. 1024 पेक्षा खालच्या पोर्टसाठी (नेटवर्कवरील क्रमांकित दारासाठी) सर्व्हिस रूट, म्हणजे सर्वाधिकारी खाते, म्हणून चालवण्याची गरज नसते. तेवढी एकच क्षमता स्वतंत्रपणे देता येते. पोस्टग्रेएसक्यूएल हे डेटाबेस सॉफ्टवेअर तर रूट खात्यावर सुरू होण्यासच नकार देते, आणि इतर सॉफ्टवेअरनेही हेच करायला हवे होते असे मला मनापासून वाटते. मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हर या डेटाबेसमधील ‘एसए’ हे आयते सर्वाधिकारी खाते बंद ठेवावे.

बॅकअपचे खाते पूर्णपणे वेगळे असावे आणि बॅकअपच्या प्रती पुसण्याचा अधिकार डोमेन ॲडमिनलाही नसावा, कारण डेटा अडकवून पैसे मागणारे खंडणीखोर सर्वांत आधी त्याच शोधतात. आणीबाणीच्या ॲडमिन खात्याचा पासवर्ड बंद पाकिटात मालकांच्या तिजोरीत ठेवावा आणि त्या खात्याने लॉगिन होताच सूचना मिळेल अशी व्यवस्था करावी. लॉग 180 दिवस जपावेत. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल 2022 च्या निर्देशांनुसार ते बंधनकारक आहे.

हे सारे झाल्यावर, सर्व्हर वापरात देण्याआधी एका सुट्टीच्या संध्याकाळी तो स्वतःहून बंद करून पुन्हा सुरू करावा आणि तक्ता हातात घेऊन प्रत्येक सर्व्हिस नेमून दिलेल्या खात्यावरच उठली आहे ना, हे एकेक करून तपासावे.