खर्च, उचल, उधारी: वावराच्या वहीत कोणता पैसा कुठे लिहावा

गेलेल्या प्रत्येक पैशापुढे ‘खर्च’ लिहिला, तर हंगामाअखेर वावरातून काय उरलं ते कळत नाही. बियाणं, खत, निंदण, वेचणी हा खर्च. त्याच हंगामात संपतो. विहिरीत किंवा फवारणी पंपात मात्र पैसा ‘घातला’ म्हणतात. 9,000 रुपयांचा पंप सहा वर्षं चालणार असेल तर यंदा 1,500 च धरा. ‘खर्चापाणी’ हा शब्द वहीत नकोच. चहा, पान, एसटी सगळं त्यात लपतं.

सगळ्यात जास्त घोळ उचलीचा, म्हणजे मजुरीतून आगाऊ घेतलेल्या पैशाचा. समजा, पाडव्याला सालदार, म्हणजे वर्षभरासाठी ठेवलेला गडी, 1,20,000 ला ठरला आणि त्यानं 20,000 उचलले. ती रक्कम त्याच्या नावे टाका. देणं 1,00,000 राहिलं. उचलही खर्चात आणि पुढे सालाची पूर्ण रक्कमही खर्चात धरली, की खर्च 20,000 नं फुगतो. सालदार मधेच सोडून गेला तर याच पानावरून हिशेब होतो, म्हणून दर उचलीसमोर तारीख आणि त्याची सही घ्या.

जूनमध्ये उधार आणलेलं खत हा जूनचाच खर्च, पैसे दिवाळीनंतर दिले तरी. आणताना नगदीचा भावही विचारा आणि दोन्ही आकडे लिहा. मधला फरक म्हणजे व्याजच. हातउसने सहसा बिनव्याजी. पण ‘शेकडा तीन’ हे महिन्याचं असतं, म्हणजे वर्षाला 36 टक्के. सवाईनं, म्हणजे सव्वापट परत द्यायच्या बोलीवर, 4 मण धान्य नेलं तर 5 मण द्यायचं. सहा महिन्यांत फेडलं तर वर्षाच्या हिशेबानं हा दर 50 टक्के पडतो. ऐकायला सवाईच हलकी वाटते!

बैलजोडीचा इसार, म्हणजे सौदा पक्का करताना दिलेली आगाऊ रक्कम, हा किमतीचाच भाग. सौदा मोडला तर तो कोणाचा, हे आधीच लिहून ठेवा.

आता चुकारा, म्हणजे विकलेल्या मालाचे मिळालेले पैसे. 8 क्विंटल कापूस 7,000 नं म्हणजे 56,000. हमाली-तोलाईचे 900 कापून हाती 55,100 आले, तरी जमेत 56,000 आणि खर्चात 900 लिहा. नाहीतर कुणी किती कापलं ते पुढच्या वर्षी ताडता येत नाही. खेडा खरेदीत, म्हणजे व्यापारी गावात येऊन माल घेतो तेव्हा, कधी कटती (कपात) वजनातच होते आणि पट्टीवर, म्हणजे विक्रीच्या पावतीवर, रुपयांत दिसतच नाही: क्विंटलमागे 2 किलो गेले, तर या भावानं 140 रुपये गेले. म्हणून घरून निघालेलं वजन आधी लिहा, काट्यावरचं नंतर.