रक्तदाब आणि पावसाळ्यातलं खारं

जून-जुलैत मासेमारी बंद, म्हणजे ताटात खारा बांगडा, लोणचं, पापड. गोळी चालू असूनही रक्तदाब उतरत नसेल तर आधी इथे बघा. दिवसाचं एकूण मीठ 5 ग्रॅमच्या आत हवं, म्हणजे जेमतेम एक सपाट चहाचा चमचा. वरच्या पदार्थांतलं धरून.

खारा बांगडा तुकडे करून तासभर पाण्यात भिजवा, पाणी दोन-तीनदा बदला. नुसतं विसळून वरचंच मीठ जातं, आत मुरलेलं राहतं. भिजवूनही थोडं उरतंच, म्हणून कालवणात मीठ घालू नका आणि रोज खाऊ नका. सोलकढीचंही तसंच: आगळात (कोकमाच्या घट्ट रसात) टिकण्यासाठी मीठ भरपूर असतं, वरून चिमूट कशाला?

सैंधवाने काही साधत नाही, तेही सोडियमच. ‘कमी सोडियम’वाल्या मिठात पोटॅशियम असतं, मूत्रपिंडाचा त्रास असेल किंवा टेल्मिसार्टन, लोसार्टनसारखी गोळी चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते नको. आकडा नॉर्मल आला म्हणून गोळी परस्पर बंद करू नका, तो बहुतेकदा गोळीमुळेच आलेला असतो. मोजण्याआधी पाच मिनिटं पाठ टेकून बसा. अर्धा तास आधी चहा, तंबाखू नको.