माळ्यावरची अडगळ अखेर अशी निघाली

मालवणजवळचं जुनं घर. दर पावसात माळ्यावरच्या गाद्यांना बुरशी, आणि गणेश चतुर्थीआधीचे चार दिवस नुसतं पुसण्यात. डांबराच्या गोळ्या घातल्या, नवं कपाट केलं; कपाटही भरलं. जीव मेटाकुटीला आला होता.

जमलं ते असं. मृग ७ जूनच्या सुमारास लागतो, म्हणून मेच्या उन्हात आधी सगळं खळ्यात (घरापुढच्या अंगणात) काढलं. माळ्यावर बसून निवडू नका, काहीच निघत नाही. मग गेल्या चतुर्थीपासून न वापरलेलं बाजूला. सामायिक पितळी भांडी भावांना फोन करून, विचारूनच वाटली (नाहीतर भाऊबंदकी ठरलेली). उरलेलं दोन दिवस वाळवून, संध्याकाळी गार झाल्यावर वर. त्याच रात्री चतुर्थीची कामंही वाटली: नैवेद्य माझा, माटवी (गणपतीच्या वर टांगायची, फळापानांनी सजवलेली चौकट) पुतण्याची.

यंदा माळ्यावर पाट, समया आणि दोनच गाद्या आहेत.