गिटार हाताला नकोशी वाटते? विकण्याआधी मोजा

इंदुरात मे महिन्यात सुकलेली आणि ऑगस्टात फुगलेली गिटार हाताला दोन वेगळी वाद्यं वाटते. म्हणून आधी मोजपट्टी घ्या.

तारा सुरात लावून बाराव्या फ्रेटच्या (मानेवरच्या आडव्या धातूच्या पट्टीच्या) माथ्यापासून तारेपर्यंतचं अंतर मोजा. स्टीलच्या तारांच्या अकूस्टिकला जाड तारेखाली साधारण २.५ मिमी, बारीक तारेखाली २ मिमी हवं. ३.५ निघालं तर बार कॉर्डला (एकाच बोटाने अनेक तारा दाबताना) बोटं दुखणारच.

मग जाड तार पहिल्या आणि चौदाव्या फ्रेटवर दाबा. सातव्यापाशी ०.२५ मिमीच्या आसपास फट हवी. जास्त असेल तर ट्रस रॉड (मानेचा बाक कमी-जास्त करणारी आतली सळई) घड्याळाच्या दिशेने अष्टमांश फेराच फिरवा, सूर लावा, पुन्हा मोजा. ट्रस रॉडनेच तारा खाली आणायची हौस मात्र नको, ते काम सॅडलचं, म्हणजे गिटारच्या अंगावर तारा टेकतात त्या पट्टीचं. सॅडलचा तळ १ मिमी घासला की बाराव्यावर अर्धाच मिमी उतरतो. घाईत जास्त घासलात की तारा फ्रेटवर खडखडतात, आणि नवा सॅडल आणावा लागतो.

उन्हाळ्यात फ्रेटची टोकं बोचतात, कारण लाकूड आकसतं, धातू तसाच राहतो. लगेच कानस लावू नका; केसमध्ये आर्द्रता ४५-५५ टक्के ठेवून काही आठवडे थांबा.

काही नावडींवर इलाज नाही. ४३ मिमी रुंद नटची (मानेच्या टोकाला तारा टेकतात त्या पट्टीची) सवय असलेल्या हाताला क्लासिकलचा ५२ मिमी नट फळीसारखाच वाटणार. गिब्सन एसजी या इलेक्ट्रिक गिटारची मान खांद्याच्या पट्ट्यावर खाली झुकते, तिला निदान रुंद, खरखरीत चामड्याचा पट्टा आवरतो.