ऑफिसमधल्या खाबूगिरीची तक्रार करताय? मग या चुका टाळा

माझी पहिली तक्रार पंधरा दिवसांत फिरून माझ्याच ऑफिसात आली. मी तेव्हा एका तालुक्याच्या गावी सरकारी कार्यालयात क्लार्क होतो, बिलामागे टक्केवारी चाललेली रोज दिसायची, म्हणून एक दिवस चार पानं भरून अर्ज लिहिला आणि थेट वरच्या ऑफिसला पोस्टाने टाकला. वरच्यांनी काय केलं, तर त्याला एक कव्हरिंग लेटर जोडलं, "सोबतच्या अर्जावर नियमानुसार कार्यवाही करून अर्जदारास परस्पर कळवावे", आणि दिला जिल्ह्याला पाठवून, जिल्ह्याने तसाच तालुक्याला. म्हणजे ज्या साहेबांविरुद्ध अर्ज त्यांच्याच टेबलावर, माझ्या नावासकट सहीसकट. साहेबांनी केबिनमध्ये बोलावून चहा पाजला, एक शब्द वाकडा बोलले नाहीत. पुढच्या सोमवारी माझं टेबल बदललं.

अर्जातलं सगळं खरं होतं हो. चुकलं ते फक्त पाठवण्यात, आणि नंतर ओळखीतल्या बऱ्याच जणांचं तिथंच चुकलेलं पाहिलं.

चूक पहिली, पत्ता न बघता अर्ज टाकणे

आधी आपलं ऑफिस कोणाचं ते बघा. महसूल, जिल्हा परिषद, पोलीस, महापालिका, एसटी, महावितरण असं राज्याचं असेल आणि कोणी पैसे मागत असेल तर सरळ लाचलुचपत प्रतिबंधक विभाग, म्हणजे आपलं एसीबी, टोल फ्री नंबर १०६४. रेल्वे, पोस्ट, सरकारी बँका, एलआयसी, ऑईल कंपन्या हे केंद्राचं, तिथं त्या-त्या संस्थेचे मुख्य दक्षता अधिकारी, सीबीआय किंवा दिल्लीचा केंद्रीय दक्षता आयोग. तलाठ्याची तक्रार दक्षता आयोगाला पाठवून सहा महिने वाट बघणारे लोक मी पाहिलेत, आयोगाला राज्याच्या कर्मचाऱ्यांवर अधिकारच नाही तर ते करणार काय. आणि ऑफिसात कोणी लैंगिक त्रास देत असेल तर तो अर्ज यात मिसळू नका, त्याला अंतर्गत तक्रार समिती आहे आणि मुदत ३ महिन्यांची आहे, ती निघून जाते.

नाव गुप्त ठेवा असं पत्रात लिहिलं म्हणजे झालं?

नाही झालं. सत्येंद्र दुबेंचं प्रकरण आठवा. सुवर्ण चतुष्कोन हायवेच्या कामावर बिहारमध्ये इंजिनिअर होते, कामातल्या घोटाळ्याचं पत्र त्यांनी पंतप्रधान कार्यालयाला लिहिलं, नाव गुप्त ठेवा अशी विनंतीही केली, तरी ते पत्र नावासकट या खात्यातून त्या खात्यात फिरत राहिलं आणि २७ नोव्हेंबर २००३ ला गयामध्ये त्यांचा गोळ्या घालून खून झाला. त्यानंतर सुप्रीम कोर्टात विषय गेला, आणि एप्रिल २००४ मध्ये केंद्राने तक्रारदाराचं नाव गुप्त ठेवण्यासाठी जो ठराव काढला त्याला पीआयडीपीआय म्हणतात. केंद्राच्या ऑफिसात असाल तर तुमच्या कामाचं हेच आहे, पण यातही लोक हमखास चुकतात.

अर्ज बंद पाकिटात पोस्टाने दक्षता आयोगाच्या सचिवांना पाठवायचा आणि पाकिटावर ठळक 'पीआयडीपीआय' असं लिहायचं. हे लिहिलं नाही तर तो साधा अर्ज समजला जातो आणि नाव लपवायची जबाबदारी आयोगावर राहत नाही. पाकिटावर पाठवणाऱ्याचं नाव-पत्ता टाकायचा नाही, पण आत मात्र खरं नाव-पत्ता हवाच, निनावी अर्ज यात चालत नाही. मजकुरात "मी गेली सात वर्षं याच स्टोअरला आहे" असलं काही लिहू नका, एवढ्यावरून शेंबडं पोरही ओळखेल कोणी लिहिलंय ते. पोच येत नाही, मुद्दामच पाठवत नाहीत, त्यामुळे घाबरून दुसरा तिसरा अर्ज टाकत बसू नका. आणि हाच अर्ज मंत्री, खासदार, पेपरवाले सगळ्यांना 'प्रत माहितीसाठी' पाठवला असेल तर मग नाव कोणापासून लपवायचं राहिलं?

राज्याच्या कर्मचाऱ्याला हा ठराव लागू पडत नाही. तक्रार करणाऱ्याला संरक्षण देणारा व्हिसल ब्लोअर कायदा २०१४ ला झाला खरा पण तो अंमलात आणलाच गेला नाही, त्यामुळे त्याच्या भरवशावर उडी मारू नका.

"आधी देऊन टाकू, मग बघू"

ही सगळ्यात महागात पडणारी चूक. २०१८ ला भ्रष्टाचार प्रतिबंधक कायदा बदलला, तेव्हापासून लाच देणाराही आरोपी आहे. जबरदस्तीने द्यावी लागली असेल तर ७ दिवसांच्या आत पोलिसांना किंवा एसीबीला कळवलं तरच सुटका. म्हणून मागणी झाली की पैसे देण्याआधीच जा.

गेल्यावर काय होतं ते माहीत नसल्यानं लोक बिचकतात. आधी पडताळणी होते, म्हणजे तुमच्याकडे व्हॉइस रेकॉर्डर देऊन आणि सोबत पंच घेऊन समोरचा खरंच मागतोय का ते बघतात. मग सापळा. नोटांना फिनॉल्फ्थॅलीन पावडर लावतात, त्या ज्यानं हातात घेतल्या त्याचे हात सोडा घातलेल्या पाण्यात बुडवले की पाणी गुलाबी होतं. सगळ्यांचं लक्ष या गुलाबी पाण्यावर असतं, पण कोर्टात केस उभी राहते ती मागणीवर. नुसत्या नोटा सापडून भागत नाही, मागणी सिद्ध व्हावी लागते हे सुप्रीम कोर्टाने परत परत सांगितलंय. २०२२ ला पाच न्यायाधीशांच्या खंडपीठाने एवढं नक्की केलं की तक्रारदार फितूर झाला किंवा वारला तरी इतर पुराव्यांवरून मागणी सिद्ध करता येते. त्यामुळे बोलणं त्याला करू द्या. आपणच "साहेब किती द्यायचे सांगा, आणून देतो" असं सुरू केलं की पुढे त्याचा वकील तेच वाक्य घेऊन बसतो.

रेकॉर्डिंग कापणे, फॉरवर्ड करणे

घरी बसून "कामाचा तेवढाच भाग" कापून ठेवतात आणि मूळ फाईल फोन भरला म्हणून डिलीट. जालन्याच्या निवडणुकीवरून खोतकर-गोरंट्याल खटला झाला होता, त्यात २०२० ला सुप्रीम कोर्टाने स्पष्ट केलं की मूळ उपकरण कोर्टात हजर केलं तर ठीक, कॉपी द्यायची तर सर्टिफिकेट लागणारच. तेव्हा ते पुरावा कायद्याचं कलम ६५ ब होतं, १ जुलै २०२४ पासून नवीन कायद्यात कलम ६३ आहे. साधी गोष्ट, तो फोन विकू नका, फॉरमॅट मारू नका, आणि क्लिप व्हॉट्सअपच्या ग्रुपवर टाकून हिरो होऊ नका, समोरचा तासाभरात सावध होतो.

ऑफिसची मूळ फाईल पुरावा म्हणून घरी नेणे हा तर शुद्ध वेडेपणा, उद्या फाईल गहाळ केल्याची चौकशी तुमच्यावरच लागेल. फाईल नंबर, पान नंबर, बिलाची तारीख वहीत टिपून ठेवा, तेवढं तपासणाऱ्याला पुरतं. पेपरवाल्यांना कागद देतानाही राज्याच्या कर्मचाऱ्यांचे १९७९ चे वर्तणूक नियम लक्षात असू द्या, परवानगीशिवाय सरकारी कागद बाहेर देता येत नाही.

विशेषणं लिहिणे

माझ्या त्या चार पानांत "अत्यंत भ्रष्ट", "मनमानी कारभार", "संगनमत" हे शब्द डझनभर होते आणि बिल नंबर एकही नव्हता. तपासणारा विशेषण कसं तपासणार? त्यापेक्षा "अमुक रस्त्याचं मोजमाप पुस्तकात ३०० मीटर दाखवलंय, जागेवर टेपने २२० भरतं, बिल या तारखेला निघालं" हे एक वाक्य चार पानांना भारी आहे. आणि जे डोळ्यांनी पाहिलं ते वेगळं लिहा, जे ऐकलं ते वेगळं. साहेबांच्या घरच्या भानगडी-बिनगडी तर मुळीच नकोत, अर्ज मत्सरातून आलाय असं वाटतं.

अजून एक बारीक फरक. पैसे घेताना पकडायचं तर आधी कोणाची परवानगी लागत नाही. पण "टेंडर चुकीच्या माणसाला दिलं" असा निर्णयाबद्दलचा आरोप असेल तर भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याच्या कलम १७ अ प्रमाणे चौकशीआधी सरकारची मंजुरी लागते, तिथं महिने जातात. अर्ज दाबलाय असं लगेच समजू नका.

काहीच हालचाल नाही, मग?

उघड नावाने अर्ज दिला असेल तर आवक नंबर आणि शिक्का घेतलेली कॉपी आहे ना ते बघा, ती नसेल तर तुम्ही अर्ज दिलाच नाही असं समजा. ती असेल तर माहिती अधिकारात १० रुपयांचा अर्ज टाका. "कारवाई का केली नाही" असं विचारू नका, 'का' ला उत्तर मिळत नाही. "माझ्या या तारखेच्या अर्जावरील टिपणी आणि पत्रव्यवहाराच्या प्रती द्याव्यात" एवढंच मागा. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्द, उत्तराला ३० दिवस. टिपणी हातात आली की अर्ज कोणत्या टेबलावर किती दिवस झोपला ते तारखांसकट दिसतं, आणि पुढे लोकायुक्तांकडे जायचं असेल तर तोच कागद कामाला येतो. गुपचूप पाठवलेल्या अर्जाबाबत मात्र हे करू नका, माहिती अधिकाराच्या अर्जावर तुमचंच नाव असतं.

आणि हे सगळं करायच्या आधी स्वतःचं घर झाकून घ्या. सूड बदलीनेच येतो असं नाही, तो हजेरीपट, प्रवासभत्त्याचं बिल, डेडस्टॉक रजिस्टर, कुठूनही येतो. मला चहा पाजल्यावर अठराव्या दिवशी मेमो आला, "आपण मुख्यालयी राहत नसल्याचे निदर्शनास आले आहे, घरभाडे भत्ता का वसूल करू नये याचा खुलासा करावा". अर्ध्या ऑफिसची ये-जा रोज जिल्ह्याहून, पण मेमो मला एकट्याला. नशीब, घरमालकाच्या भाडेपावत्या मी बायकोच्या सांगण्यावरून महिन्याच्या महिन्याला फाईलला लावल्या होत्या.