एक्स्प्रेसवेवर गाडी चालवायची भीती वाटते? आधी अंतर राखायला शिका

शहरातल्या गर्दीत दहा-दहा वर्षं गाडी चालवणारी माणसंसुद्धा मुंबई-पुणे एक्स्प्रेसवे जिथून सुरू होतो त्या कळंबोलीचा फलक दिसला की स्टिअरिंग घट्ट आवळतात. तळहाताला घाम सुटतो, खांदे कानापर्यंत येतात, ट्रक शेजारी आला की श्वास अडकतो. काहीजण लोणावळ्याला जायचं तरी जुना हायवेच धरतात. यात लाजण्यासारखं काही नाही. शहरात चूक झाली तर बंपरवर निभावतं, इथे निभावत नाही, हे शरीराला नीट कळलेलं असतं.

मात्र ही भीती नेमकी वेगाची नसते. तुम्ही शेजारी बसलेले असता आणि भरवशाचा माणूस गाडी चालवत असतो, तेव्हा त्याच १००च्या वेगात तुम्हाला डुलकी लागते. भीती असते ती वेळ कमी पडण्याची. पुढच्यानं ब्रेक मारला तर मला सुधरेल का, ही धास्ती असते. हा वेळ मिळतो तो पुढे सोडलेल्या मोकळ्या जागेतून. म्हणून सगळ्यात आधी अंतर शिकायचं. लेन, ओव्हरटेक, घाट हे सगळं त्यानंतर.

१००च्या वेगात गाडी एका सेकंदाला जवळजवळ २८ मीटर जाते. पुढचे दिवे लाल झालेले दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत साधारण एक सेकंद जातो आणि तेवढ्यात हे २८ मीटर संपलेले असतात. त्यानंतर कोरड्या रस्त्यावर चांगल्या टायरच्या गाडीला थांबायला आणखी ४०-४५ मीटर लागतात. म्हणजे एकूण ७० मीटर. पुढच्या गाडीचा नंबर सहज वाचता येत असेल तर तुम्ही फार जवळ आहात.

मीटर मोजत बसू नका, सेकंद मोजा. पुढची गाडी पुलाच्या सावलीतून किंवा फलकापाशी गेली की नेहमीच्या बोलण्याच्या लयीत मनात म्हणा : एकवीस, बावीस, तेवीस. तेवीस म्हणून होण्याआधी तुम्ही त्याच खुणेपाशी पोचलात तर ॲक्सिलरेटर थोडा सोडा. पावसात आणि रात्री चोवीस-पंचवीसपर्यंत मोजा. कुणीतरी मध्ये गाडी घालणारच, आपल्याकडे ते होतंच. त्याला घालू द्या, पुन्हा थोडं मागे या. असे दहाजण मध्ये घुसले तरी पुण्याला पोचायला एखादा मिनिट उशीर होईल, बस्स. वेगाचाही हिशोब करून पाहा. मुंबई-पुणे एक्स्प्रेसवे साडेचौऱ्याण्णव किलोमीटरचा आहे. सलग १००नं गेलात तर ५७ मिनिटं लागतात, सलग ८०नं गेलात तर ७१. सगळी धडधड या चौदा मिनिटांसाठी असते.

निघण्याआधी टायर

काँक्रीटचा तापलेला रस्ता आणि हवा कमी असलेला टायर एकत्र आले की टायर फुटतो. हवा कमी असली की टायरची बाजूची भिंत प्रत्येक फेऱ्यात जास्त दबते, दबून दबून तापते आणि शेवटी फाटते. बरेचजण उलटंच समजतात, की गरमीत हवा वाढेल म्हणून आधीच कमी भरावी. तसं करू नका. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर स्टिकर असतो. त्यावर चार माणसं आणि सामान असतानाचा आकडा वेगळा दिलेला असेल तर त्या दिवशी तेवढी हवा भरा. सकाळी, गाडी दोन-तीन किलोमीटरपेक्षा जास्त चालायच्या आत. स्टेपनीतही भरा, तिला कुणी विचारत नाही.

मग टायरच्या बाजूवर 'डॉट' (DOT) या अक्षरांच्या ओळीतले शेवटचे चार आकडे शोधा. २३१९ असेल तर तो टायर २०१९च्या तेविसाव्या आठवड्यातला. नक्षी कितीही चांगली दिसली तरी सहा वर्षांवरचा टायर घेऊन एक्स्प्रेसवेवर जाऊ नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. रबर आतून कडक झालेलं असतं. बाजूला फुगा आलेला दिसला तर टायर त्याच दिवशी बदला.

काच आतून पुसा, वायपरचं पाणी भरा, फास्टॅगमध्ये पैसे आहेत का बघा. टोलनाक्यावर मागून हॉर्न वाजायला लागले की आधीच घाबरलेला माणूस पार गडबडतो, म्हणून ही शेवटची गोष्ट किरकोळ समजू नका.

सराव तुकड्यातुकड्यानं

पहिल्याच दिवशी अख्खा एक्स्प्रेसवे करू नका. पुण्याकडच्यांनी जुन्या हायवेनं लोणावळ्यापर्यंत दोन-तीन फेऱ्या कराव्यात आणि ७०च्या वेगात सेकंद मोजायची सवय लावावी. मग किवळ्याला एक्स्प्रेसवेवर चढून कुसगावला उतरावं. वाटेत कामशेतचे बोगदे लागतात, पण घाट लागत नाही. मुंबईकडच्यांनी कळंबोलीला चढून आधी शेडुंगला उतरावं, पुढच्या खेपेला खालापूरपर्यंत जावं आणि जुन्या रस्त्यानं पनवेलला परत यावं. त्या पट्ट्यात भाताणचा आणि माडपचा बोगदा लागतो. घाट सगळ्यात शेवटी ठेवा.

एकच तुकडा मन कंटाळेपर्यंत पुन्हा पुन्हा करा. कंटाळा आला म्हणजे भीती ओसरली, त्यानंतरच पुढचा तुकडा. आठवड्यातून एकदा तरी जा. महिनाभर खंड पडला की भीती परत येते.

मंगळवार-बुधवारची सकाळ, दहा ते बारा, सर्वांत बरी. शनिवारी सकाळी पुण्याकडे आणि रविवारी संध्याकाळी मुंबईकडे घाटात रांगा लागतात, ते दिवस टाळा. अगदी पहाटे पुण्याकडे निघालात तर थोड्या वेळानं सूर्य समोरून डोळ्यात येतो.

सोबत कोणाला न्यायचं हेही ठरवून घ्या. 'अहो, ट्रक! अहो, ट्रक!' असं दर मिनिटाला ओरडणारं माणूस शेजारी असेल तर सराव वाया गेला. सोबत्यानं फलक वाचावेत, पुढचा फाटा कधी आहे ते सांगावं आणि एरवी गप्प बसावं. हे निघायच्या आधी घरातच बोलून घ्या.

चढताना

सगळ्यात जास्त लोक इथे चुकतात. रॅम्पवरून ४०नं येतात, टोकाला येऊन थांबतात आणि मान वळवून रस्ता रिकामा होण्याची वाट बघतात. थांबलेली गाडी ९०च्या प्रवाहात शिरवणं हे या रस्त्यावरचं सगळ्यात अवघड काम आहे आणि ते तुम्ही स्वतःच ओढवून घेता.

रॅम्पचं वळण संपलं की उजवा इंडिकेटर द्या. गाडी तिसऱ्या गिअरमध्येच ठेवून ॲक्सिलरेटर दाबा. इंजिनचा आवाज वाढेल, वाढू द्या. ६५-७० होईपर्यंत चौथा टाकू नका. वेग वाढत असतानाच उजव्या आरशात बघा. आरशात गाड्या शोधू नका, दोन गाड्यांमधली जागा शोधा. डोळे ट्रकवर खिळले की हातही तिकडे जातो. जागा ठरली की उजव्या खांद्यावरून एक चटकन नजर टाका, कारण आरशात न दिसणारा कोपरा तिथेच असतो, आणि हलकेच आत सरका. आत आल्यावर लगेच मधल्या लेनकडे धावू नका. अर्धा मिनिट डाव्या लेनमध्येच राहून श्वास सोडा.

लेन आणि ट्रक

नियम साधा आहे : जड वाहनं डावीकडे, गाड्या मध्ये, उजवी लेन फक्त ओव्हरटेकला. प्रत्यक्षात ४५नं चढणारा कंटेनर मधल्या लेनमध्ये असतो आणि त्याला ओलांडायला ४८नं चढणारा दुसरा उजव्या लेनमध्ये. राग येणं साहजिक आहे. तरी त्या दोघांच्या मागे सहा सेकंदांचं अंतर ठेवून चला, डिपर द्या, वाट बघा. ट्रकच्या डावीकडून घुसू नका. ड्रायव्हर उजवीकडे बसलेला असतो, डावी बाजू त्याला सगळ्यात कमी दिसते आणि नेमका त्याच वेळी तो डावीकडे सरकू शकतो. त्याच्या आरशात त्याचा चेहरा तुम्हाला दिसत नसेल, तर तुम्हीही त्याला दिसत नाही.

ट्रकला उजवीकडून ओलांडताना गाडी हलते, त्यानं अनेकांचा जीव खालीवर होतो. त्याचं कारण हवा. ट्रकच्या बाजूनं जाताना वाऱ्याचा आडोसा मिळतो आणि ट्रकचं तोंड पार करताच त्यानं ढकललेली हवा गाडीला बाजूला लोटते. हा धक्का येणार हे माहीत असलं की पुरे. स्टिअरिंग दोन्ही हातांनी, पण चिमणी धरावी तसं धरा, म्हणजे निसटणार नाही आणि घुसमटणारही नाही. गाडी स्वतःच सरळ होते. घाबरून उलटं वळवलं तर गडबड होते. ट्रकशेजारी रेंगाळू नका. पुढे जागा असल्याशिवाय ओव्हरटेक सुरू करू नका, आणि सुरू केला की पूर्ण करा. आतल्या आरशात ट्रकची संपूर्ण केबिन दिसू लागली की डावा इंडिकेटर देऊन आत या.

नजर दूर टाका. घाबरलेला माणूस बॉनेटच्या पुढची वीस मीटरच बघतो, त्यामुळे सगळं अंगावर धावून आल्यासारखं वाटतं. बारा-पंधरा सेकंद पुढचं, म्हणजे तीनशे-चारशे मीटरवरचं बघा. तोच वेग निम्मा वाटायला लागतो. बोगद्यातही असंच. आत शिरण्याआधी गॉगल काढा, हेडलाइट लावा आणि भिंतीकडे न बघता लेनच्या पट्ट्याकडे दूरवर बघा. चारही इंडिकेटर लावून चालू नका, तुम्ही कुठे वळताय हे मागच्याला कळत नाही.

घाट उतरताना

खंडाळ्याहून खोपोलीकडे उतरताना ब्रेकवर पाय ठेवून राहिलात तर पॅड तापतात, जळका वास येतो आणि पेडल मऊ पडतं. उतार सुरू व्हायच्या आधीच तिसरा गिअर टाका. ऑटोमॅटिक असेल तर मॅन्युअल मोडमध्ये तिसरा किंवा खालचा गिअर. इंजिननंच गाडी धरली पाहिजे. वेग वाढला की ब्रेक नीट दाबून वेग उतरवा आणि पाय पूर्ण सोडा. न्यूट्रल कधीही नाही. डिझेल वाचवायला न्यूट्रलमध्ये सोडलेले ट्रक याच उतारावर ब्रेक निकामी होऊन पुढच्यांवर जातात. म्हणून उतारावर जड वाहनाच्या पुढ्यात राहू नका, त्याला वाट द्या किंवा लांब निघून जा. फलकावर असलेली वेगमर्यादा घाटात कमी होते आणि कॅमेरे लागलेले आहेत.

सरावाच्या पहिल्या काही महिन्यांत पावसाळा टाळलात तरी चालेल. २०१५च्या जुलैत आडोशी बोगद्याजवळ दरड कोसळली होती. धुकं, धबधब्यांचं पाणी आणि उभ्या गाड्या हे सगळं घाटात एकदमच येतं. साचलेल्या पाण्यावर स्टिअरिंग अचानक हलकं लागलं तर टायर पाण्यावर तरंगतोय. ब्रेक मारू नका, ॲक्सिलरेटर सोडा, चाकं सरळ ठेवा. पकड परत येते.

भीतीचा झटका आला तर

छाती धडधडते, हात बधिर होतात, आता काहीतरी होणार असं वाटतं. कितीही भयंकर वाटलं तरी असा झटका काही मिनिटांत ओसरायला लागतो. ॲक्सिलरेटर हळूहळू सोडत ७०वर या, इंडिकेटर देऊन डाव्या लेनमध्ये या. चार आकडे मोजत श्वास आत, सहा मोजत बाहेर. बाहेर सोडणं लांबलं पाहिजे, नुसता खोल श्वास घेत राहिलात तर चक्कर वाढते. एसीची हवा तोंडावर घ्या, दिसणारे फलक मोठ्यानं वाचा. मग पुढचा फाटा किंवा फूडमॉल गाठा आणि तिथे थांबा.

कडेच्या शोल्डरवर थांबणं हा अगदी शेवटचा उपाय. पेंगलेला ड्रायव्हर उभ्या गाडीवर येऊन आदळणं हा इथला नेहमीचा अपघात आहे. गाडीच बंद पडली तर शक्य तितकी डावीकडे घ्या, चारही इंडिकेटर लावा, सगळ्यांना डाव्या दारानं उतरवून कठड्यापलीकडे उभं करा, गाडीत कुणी बसू नये. त्रिकोण निदान पन्नास मीटर मागे, कठड्याच्या बाजूनं चालत जाऊन ठेवा. मग ११२ला फोन.

फाटा चुकला तर पुढे जा. पुण्याकडे येताना कुसगाव हुकलं तर तळेगावला उतरून जुन्या हायवेनं मागे या. रिव्हर्स घेणं म्हणजे १००च्या वेगात येणाऱ्यांसमोर भिंत उभी करणं.

निघण्याआधी मन शांत राहावं म्हणून कसलीही गोळी घेऊ नका, त्यानं गुंगी येते. दोन-तीन महिने सराव करूनही झटके येत असतील, किंवा लिफ्टमध्ये, गर्दीतही तसंच होत असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. अशा भीतीवर चांगले उपचार आहेत आणि तेही असेच, पायरीपायरीनं असतात.

मुंबई-नागपूर समृद्धी महामार्गावर निघणार असाल तर तिथला त्रास वेगळा आहे. ७०१ किलोमीटर, गाड्यांना १२०ची मर्यादा, लांबच लांब सरळ रस्ता, आणि इगतपुरीजवळ सुमारे आठ किलोमीटरचा बोगदा. तिथे भीती कमी वाटते आणि डोळे मिटतात, जे जास्त धोक्याचं आहे. दर दीड तासानं उतरून दहा मिनिटं चाला, एसी अधूनमधून बाहेरच्या हवेवर ठेवा, दुपारच्या जेवणानंतर लगेच स्टिअरिंग हातात घेऊ नका. आणि टाकी अर्धी झाली की पंप दिसेल तिथे भरून घ्या.